सात कैदी आणि एक आज्ञापत्र

एकदा एका डोंगराळ राज्यात आठवड्याच्या बाजारावर सशस्त्र टोळी चालून आली. अकरा माणसे मारली गेली. त्यांत सैनिक एकही नव्हता. धान्य विकणारे, भांड्यांना कल्हई करणारे, मध घेऊन आलेले डोंगरातले लोक होते. राजा व्यथित झाला. घाटरक्षणाचे काम नुकतेच दामोदर नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे आले होते. चार दिवसांत कठोर आज्ञापत्र तयार करावे, असे राजाने त्याला सांगितले.

दामोदरने ते एका बैठकीत लिहून काढले. रानात जो शस्त्रासह सापडेल त्याला देहदंड. ज्याने अशा माणसाला भाकरी दिली त्याचे घर जमीनदोस्त. मग तो आपल्या गुरूंकडे गेला. हे वृद्ध आचार्य एकेकाळी राज्याचे अमात्य होते. त्यांनी आज्ञापत्र दोनदा वाचले, घडी घालून परत दिले आणि पकडलेले लोक कुठे ठेवले आहेत, एवढेच विचारले.

हल्ल्यानंतर रानातून सात जण धरून आणले होते. सातही जण एकाच कोठडीत, एकसारख्या बेड्यांत होते. आचार्य गजांपाशी बराच वेळ बसून राहिले. पाच जण एका भिंतीशी होते, दोघे समोरच्या भिंतीशी. कोपऱ्यात पाण्याचा एक रांजण होता. पण ते पाच जण त्याला हात लावत नव्हते; पहारेकऱ्याच्या मशकीतून मिळेल तेवढ्या घोटावर राहत होते. पहारेकरी म्हणाला, पहिल्या दिवसापासून ते वेगळी घागर मागताहेत, उगाच माजोरीपणा करतात.

आचार्यांनी पाचांतल्या वडीलधाऱ्याला, लखमाला, कारण विचारले.

"बाजारात माझा मेहुणा मारला यांनी," समोरच्या दोघांकडे न पाहता लखमा म्हणाला. "यांचा हात लागलेलं पाणी आम्ही पीत नाही."

मग आचार्यांनी दोन्ही गटांना एकच प्रश्न केला: शस्त्र खाली ठेवून घरी जायला तुम्हाला काय हवे? लखमाने सांगितले, सहा वर्षांपूर्वी त्यांचा गुरे चारण्याचा उतार राज्याने कुंपण घालून घेतला. अर्ज केले, कोणी ऐकले नाही. मग कोयते घेऊन ते कुंपणावर गेले आणि त्या झटापटीत एक रखवालदार मेला. उतार परत मिळाला तर ते खाली येतील. समोरच्या दोघांतला एक तरुण शिकलेला होता, शांतपणे बोलत होता. तो म्हणाला, "आम्हाला काही नको. तुम्ही खोऱ्यातले लोक या भूमीवर आहात तोवर आमचं काम संपत नाही."

बाहेर आल्यावर आचार्य म्हणाले की त्या दोघांवर पहारा दुप्पट करावा, आणि लखमाची बेडी काढून, कोयता हातात देऊन, सोबत शिपाई न देता, रखवालदाराला मारणाऱ्याला घेऊन परत येण्याच्या बोलीवर त्याला घरी पाठवावे.

दामोदरला वाटले, वयामुळे गुरूंचे मन मऊ झाले असावे. पण आचार्य स्वतः जामीन राहिले, तेव्हा त्याचा नाइलाज झाला आणि त्याने राजाकडून मुदत वाढवून घेतली. लखमा गेला. तीन दिवस झाले, पाच झाले. दरबारात लोक दामोदरला हसू लागले. शेवटी तो गुरूंपुढे येऊन म्हणाला, "आचार्य, मारणारा तो मारणाराच. त्यात भेद कसला करायचा?"

"अपराधात भेद करू नकोस," आचार्य म्हणाले. "रखवालदाराला ज्याने मारलं त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण आज्ञापत्र अपराध झाल्यावर काय करायचं एवढंच ठरवत नाही, उद्या कोण कोणाच्या बाजूला उभं राहील हेही ठरवतं. एकाला काही हवं आहे. त्याच्याशी बोलता येतं. दुसऱ्याला तू नाहीसा व्हायला हवा आहेस. तिथे बोलणं फुकट. ते पाच जण आज तहानलेले राहतात, पण त्या दोघांचं पाणी घेत नाहीत. तू दोन्ही गटांना एकच फास दाखवलास, तर ते एका रांजणातलं पाणी पितील. जी टोळी तुला उभी करायची नव्हती, ती तूच उभी केलेली असशील."

नवव्या दिवशी लखमा परतला. सोबत पाड्यातले चार वृद्ध होते. रखवालदारावर वार करणारा माणूसही होता. तो लखमाचाच पुतण्या. पुतण्याला हवाली करायचे ठरल्यावर पाड्यातली सहा पोरे मात्र चिडून बाजारावर हल्ला करणाऱ्या टोळीकडे निघून गेली, हेही लखमाने लपवले नाही.

दामोदरने आज्ञापत्र नव्याने लिहिले. या वेळी त्याला तीन आठवडे लागले. कुंपण निघाले, पुतण्याला कारावास झाला. बाजारावर हल्ला करणाऱ्यांची भाकरी पाड्यांतून बंद झाली, तसे ते डोंगरात उघडे पडले. तरीही लढाई झालीच आणि तीत राज्याचे नऊ सैनिक कामी आले.

पुढे एक दिवस त्या रखवालदाराची विधवा दामोदरकडे आली. ज्यांनी तिच्या नवऱ्याला मारले त्यांनाच उतार कसा दिला, असे तिने विचारले. दामोदरने तिला बसवले, निकाल वाचून दाखवला. ती म्हणाली, हे पुरेसे नाही. पुरेसे नाही हे दामोदरने मान्य केले.

जाताना ती दारात थांबली. "त्या उताराच्या पहाऱ्यावर आता कोणाचा नवरा आहे?"

"कोणाचाच नाही," दामोदर म्हणाला. "तिथे आता पहारा लागत नाही."

ती पदर सावरून पायऱ्या उतरली.