हैबती रंगाऱ्याचा खड्डा

एका नदीकाठच्या गावात हैबती नावाचा एक रंगारी राहत होता. त्याने रंगवलेलं लुगडं फाटेल, पण विटणार नाही, असं बायका म्हणत. बायका थोडं वाढवून सांगत असतील, पण अगदीच खोटं सांगत नव्हत्या.

रंगाऱ्यांना गावाचा एक दंडक होता. उरलेलं रंगाचं पाणी सरळ नदीत सोडायचं नाही. आधी ते परसातल्या खड्ड्यात घालायचं, त्यात चुना टाकायचा, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं सोडायचं. हैबती हे सारं नेमाने करी. पण तळाशी बसलेल्या गाळाचं पुढे काय करायचं, ते दंडकात नव्हतं आणि हैबतीनेही कधी कुणाला विचारलं नाही.

गाळ साचला की कुजायचा. कुजला की वास सुटायचा. मग हैबती त्यावर चार घागरी पाणी ओतायचा. पाण्याखाली वास दबायचा आणि गाळ मात्र फुगून वर यायचा.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," असं म्हणून हैबती हात झटकायचा.

"मूठ झाका की खुशाल. खड्डा कसला झाकताय?" त्याची बायको सगुणा म्हणायची.

एक खड्डा भरला की हैबती शेजारी दुसरा खणी. असं करता करता परसातला शेवगा गेला, भाजीचे वाफे गेले, आणि त्यांची एकुलती एक लेक गजरा जिथे सागरगोटे खेळायची ती पडवीपुढची जागाही गेली. गजरा तोवर लग्न होऊन नदीच्या खालच्या अंगाच्या गावी नांदायला गेली होती. जागा गेल्याचं हैबतीला काही वाटलं नाही. लेक गेल्याचं मात्र फार वाटलं. काम आवरलं की तो नदीकाठी जाऊन बसे आणि पाणी जातं त्या दिशेला बघत राही. घरात सगुणा दोघांपुरतं पीठ मळायला घेई आणि हटकून तिघांचं मळून बसे.

एक दिवस निरोप आला, गजराला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. दोघांना आभाळ ठेंगणं झालं. पण आधी विहीणबाई घर बघायला आल्या. त्यांनी परसात पाऊल टाकलं आणि पदर नाकाला लावला.

"व्याहीबुवा, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या मायेत खोट नाही. पण ह्या चिखलात मी पोटुशी पोर पाठवायची नाही. जमीन कोरडी करा, मग खुशाल गाडी घेऊन या."

हैबतीने दुसऱ्याच दिवशी बैलगाडी जुंपली. गाळ भरायचा आणि लांबच्या माळावर नेऊन टाकायचा. अर्धा गाळ वाटेतच गळायचा, लोक शिव्या द्यायचे, बैल फेसाळून जायचे. खड्डा ढवळला की वास उठायचा आणि हैबती सवयीने पुन्हा घागर ओतायचा. महिना उलटला तरी खड्डे जिथल्या तिथे.

शेजारच्या लिंबाजी तेल्याला त्याची दया आली. "कशापायी मरतोस बाबा? नदीकडच्या बांधावर एक कुदळ घाल. गाळ नदीत वाहून जाईल, घटकेत मोकळा होशील."

हैबतीने कुदळ उचललीसुद्धा. पण खालच्या गावी ह्याच पाण्याची घागर गजरा भरत असेल, हे मनात आलं. कुदळ टाकून तो घरी आला आणि पडवीत बसून पोराटोरासारखा रडला.

उन्हाळ्याचे दिवस होते. समोर सगुणाने चिकाच्या पापड्या वाळत घातल्या होत्या. वाळलेल्या ती सुपात भरत होती. हैबतीने डोळे पुसले.

"पातेलंभर चीक होता ना गं? आणि एवढंच उरलं?"

"चीक म्हणजे पाणीच की सगळं. पातळ पसरलं, ऊन खाऊ दिलं. उरलं ते खरं."

हैबती तसाच उठला. त्याने खडी आणि वाळूचे वाफे केले आणि त्यांवर गाळाचा पातळ थर पसरला. पाणी वाळूतून खाली झिरपलं, ते चर काढून पुन्हा चुन्याच्या खड्ड्यात घेतलं. घागर त्याने खुंटीला टांगली. आता वास झाकायला काहीच नव्हतं. सारा गाव नाक मुरडू लागला. ज्याने आजवर वाऱ्यालाही कळू दिलं नव्हतं, तो हैबती दारोदार हात जोडत फिरला.

"थोडे दिवस सोसा. माझ्या लेकीला घरी आणायचंय."

लोकांनी सोसलं. थर वाळला, त्याला भेगा पडल्या, तो आक्रसला. मग दुसरा थर, मग तिसरा. जो गाळ गाडीगाडीने हटत नव्हता, त्याच्या शेवटी काही टोपल्या खपल्या उरल्या. पंचांनी पाण्यापासून लांब जागा दिली, तिथे त्या पुरल्या. पण वर्षानुवर्षांचा साठा तो, उन्हाळा सरत आला तेव्हा कुठे जमीन कोरडी झाली.

हैबतीने गाडीत पेंढा पसरला, वर गोधडी घातली आणि बैल दामटले. व्याह्यांच्या दाराशी पोचला, तोच आतून तान्ह्या बाळाचं रडू ऐकू आलं.

गजरा बाजेवर होती. बापाला बघून तिचे डोळे भरले.

"आबा, रोज वाटेकडे बघत होते. कळा आल्या तेव्हा हाक आईला मारली, आणि हात सासूबाईंचा धरला."

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "सव्वा महिना होऊ द्या. मग दोघींना घेऊन जा." त्याने नातीच्या कपाळाला हात लावला आणि गाडी माघारी वळवली.

घरी सगुणा भाकरतुकडा ओवाळायला घेऊन दारात उभी होती. गाडीत नुसती गोधडी बघून ती काय ते समजली. लेक-नात सुखरूप आहेत, हे ऐकून तिने देवाला हात जोडले. मग गाडीतल्या गोधडीची घडी घालता घालता तिने विचारलं,

"मला हाक मारली का हो तिनं?"

"मारली," हैबती म्हणाला.

तात्पर्य: घाणीवर पाणी ओतलं की वास दबतो आणि ओझं वाढतं. ती उघड्यावर पसरून वाळवायची लाज वाटली तरी वाळवावी, आणि वेळेवर वाळवावी. उशिरा केलेल्या कामाने जमीन कोरडी होते, पण गेलेली घडी परत येत नाही.