जायची वाट वाकडी, यायची सरळ

ऐकणीच्या कड्यावरून निघालेली ही पायवाट नीट बघा. पुढे सगळा सपाट माळ आहे. नाकासमोर चालत गेले तर दरीकाठच्या तिसऱ्या टोकाला पोहोचायला अर्धा तासही लागू नये. पण वाट तशी जात नाही. ती दरीच्या काठाला जाऊन खाली डोकावते, मागे फिरते, करवंदीच्या जाळीला वळसा घालते, पुन्हा काठाला जाते आणि पुन्हा डोकावते. असे तीनदा. तिसऱ्या टोकावरून परत यायला मात्र वेगळी वाट आहे आणि ती सुतासारखी सरळ आहे. जाताना वाकडीने जायचे, येताना सरळीने यायचे, हा आमच्या वाळूवाडीचा नेम आहे. पाहुण्यांनाही तो पाळावा लागतो.

तिकडे पाटीवर ‘व्हॅली पॉइंट क्रमांक तीन’ असे लिहिले आहे. पाटी कोणी लावली, मला ठाऊक नाही. मला विचारायला कोणी आले नव्हते, म्हणून तिच्यावर लिहिलेल्या अंतरावरही माझा विश्वास नाही. हसू नका. संशय आमच्या घराण्यातच आहे, आणि या दोन्ही वाटा त्या संशयानेच पाडल्या आहेत. नदीपलीकडचे लोक ही गोष्ट निराळी सांगतात. ती ऐकायची असेल तर खुशाल तिकडे जा. आमच्याकडे सांगतात ती अशी.

खाली शिरवी नदीचे पात्र दिसते ना, जिथे दरी उघडते आणि पांढरी वाळू लागते? त्या वाळूत पूर्वी गाव कलिंगडे लावत असे. दिवाळीनंतर पाणी आटले की वाळूत खड्डे करून शेणखत भरायचे, वेल लावायचे, शेजारी कुडाची खोपी बांधायची आणि वैशाखापर्यंत बायकामुलांनी तिथेच राहायचे. भीती एकच होती. वैशाखात वळीव पडतो तो वर घाटमाथ्यावर. खाली लख्ख ऊन असते, पान हलत नसते, आणि वरून पाण्याचा लोंढा येतो. वाळूत बसलेल्या माणसाला तो दिसतो तेव्हा उठायलाही सवड नसते.

म्हणून दरीवर दोन पहारे होते. ती दूरची काळी सोंड दिसते, तो शिंगकडा. तिथून घाटमाथ्यापर्यंतची नदी दिसते. तिथे चिमा नावाचा माणूस शिंग घेऊन बसे. पाणी दिसले की तो शिंग फुंकी. पण मध्ये दरीला बाक आहे, त्याचे शिंग खाली वाळूत ऐकू जात नसे. ते इथे, ऐकणीच्या कड्यावर, ऐकू येई. इथला पहारेकरी लगेच आपले शिंग फुंकी आणि वाळूतली माणसे पोरेबाळे उचलून दरडीवर चढत. इथल्या पहारेकऱ्याचे नाव हैबती. तो आमचा मूळपुरुष. म्हणून मी त्याची बाजू घेईन असे समजू नका.

एका वैशाखात, म्हणे, चिमाचे शिंग आठ दिवसांत तीनदा वाजले. तिन्ही वेळा हैबतीने फुंकले, तिन्ही वेळा गाव दरडीवर चढले आणि उन्हात बसून राहिले. पाणी आलेच नाही. तिन्ही वेळा माणसे खाली उतरली तेव्हा पिकलेली कलिंगडे फोडून खाल्लेली होती. कच्च्याला हात नाही, पिकलेले एक सोडलेले नाही. सगळ्यांत जास्त नासधूस झाली ती हैबतीच्याच वेलांची.

मग काय, तोंडे सुटली. चिमाची बहीण पलीकडच्या काठावर दिलेली होती. कोणीतरी म्हणाले, पहारा भावाचा आणि पोट भरतेय बहिणीच्या सासरचे. कोणी म्हणाले, कुंपणच शेत खाते तिथे राखण कोणाची लावायची? चिमाला बोलावून विचारावे असे एकालाही वाटले नाही. विचारले तर तो खोटेच सांगणार, असे सगळ्यांनी आधीच गृहीत धरून टाकले होते.

गावकी बसली आणि हुकूम निघाला. यापुढे चिमाचे शिंग ऐकून हैबतीने फुंकायचे नाही. आधी चालत शिंगकड्यावर जायचे, स्वतःच्या डोळ्यांनी पाणी बघायचे, परत यायचे, मग फुंकायचे. चिमाला हे सांगायचे नाही. हैबतीने मान डोलावली. एवढ्याने त्याचे समाधान झाले नव्हते. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, “ठमे, आता शिंग वाजलं तर तू हलू नगंस. बाकीची जातील वर. तू खोपीमागं दबा धरून बस. चोर कोन हाय ते बघ.”

ठमा म्हणाली, “आन् पानी आलं तर?”

“कुठलं पानी? किती बी वाजू दे, चोर दिसल्याबिगर उठायचं न्हाई.”

“बरं,” असे ती म्हणाली. सांगतात की ती नवऱ्याच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. सांगणारे ते कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक वाटत नाही.

चौथ्यांदा शिंग वाजले ते दुपारी जेवणे झाल्यावर. हैबती उठला, आपले शिंग इथेच दगडावर ठेवले आणि निघाला. तेव्हा वाट नव्हती, कमरेएवढी कारवी होती. ती मोडत तो पहिल्या टोकाला आला आणि काठावर जाऊन त्याने खाली बघितले. खाली जो डोह आहे तो वैशाखात कोरडा पडतो, तळाचे धोंडे उघडे होतात. त्या दिवशी तो काठोकाठ भरलेला होता. हैबती चमकला. मग त्याने स्वतःची समजूत घातली, की चिमाने कुठेतरी बांध घालून पाणी वळवले असणार, आपल्याला फसवायला. एकदा मनात संशय शिरला की समोरचा पुरावाही त्याच्याच बाजूने बोलू लागतो.

पुढून चिमाचे शिंग वाजतच होते. ऐकणीवरून उत्तर आले नाही म्हणून तो थांबायला तयार नव्हता. हैबती दुसऱ्या टोकाला आला, पुन्हा काठावर गेला. दुसरा डोहही भरलेला होता. तरी तो पुढे चालत राहिला, कारण हुकूम डोळ्यांनी बघण्याचा होता आणि चिमाचा खोटेपणा पकडण्याची हौस अजून फिटली नव्हती.

तिसऱ्या टोकाशी आला तेव्हा शिंगाचा आवाज फाटला होता. मध्येच तुटे, पुन्हा लागे. खोटे बोलणारा माणूस इतका वेळ फुंकत नाही, हे त्याला तिथे उमगले. काठावर जाऊन बघतो तर तिसरा डोहही काठोकाठ भरलेला. आणि मग त्याने हिशेब जुळवला. शिंग तीनदा वाजले होते, डोह तीन होते. चिमा एकदाही खोटे बोलला नव्हता. पाणी तिन्ही वेळा आले होते आणि दर वेळी एकेका कोरड्या डोहात अडले होते. कोणी दरीच्या काठाने चार पावले चालून बघितले असते तर कळले असते. आता चौथे पाणी निघाले होते आणि त्याला थांबायला वाळूपर्यंत एकही कोरडा डोह उरला नव्हता.

हैबती तिथूनच फिरला. शिंगकड्यापर्यंत गेलाच नाही. कारवी, काटे, काही न बघता तो सरळ धावत सुटला. ती ही सरळ वाट. येताना तुम्ही तिच्यावरून चालाल तेव्हा थोडे भरभर चाला, आमच्यात रमतगमत चालत नाहीत.

इथे पोहोचून त्याने शिंग तोंडाला लावले. खाली माणसे उठली, मुले काखेत घेतली, गुरे सोडली आणि दरडीवर चढू लागली. त्याने मोजायला सुरुवात केली. सगळ्या खोपींतली माणसे वर आली. त्याच्या खोपीतले कोणीच आले नाही.

बाकीच्यांना वाटले, ठमा पुढे निघून गेली असेल. ती कुठे आहे हे एकट्या हैबतीला माहीत होते. खाली उतरायची वाट अर्ध्या तासाची, आणि ओरडलेला शब्द इतक्या खोल पोहोचत नाही. पोहोचायचे ते फक्त शिंग. म्हणून तो फुंकत राहिला, पुन्हा पुन्हा, छाती फुटेपर्यंत. आणि तो जितका फुंकत होता तितकी ती खोपीमागे अधिकच दबून बसत होती. तिला तसेच सांगितलेले होते.

मग, असे सांगतात, समोरच्या झाडीतून चोर उतरले. पाच-सहा कोल्हे. शिंग वाजले की माणसे जातात आणि वाळू मोकळी होते, हे कोल्ह्यांना पहिल्याच दिवशी कळले होते. ठमा उभी राहिली. दरडीवरच्या लोकांना ती दिसली. ती हसत होती आणि कड्याकडे हात करून ओरडत होती, “अवो, चोर घावला! कोल्हं हायेत, कोल्हं!” दरडीवरच्या बायकांनी हाका मारल्या. ती वळेपर्यंत पाणी बाकावरून आले.

ठमा सापडली नाही. त्यावरही कोणीतरी म्हणालेच, की गेलेल्या बाईच्या शब्दावर किती विसंबायचे! दुसऱ्या दिवशी खाली बाभळीत दोन मेलेले कोल्हे अडकलेले मिळाले, तेव्हा ती तोंडे बंद झाली. गावकी शिंगकड्यावर चिमाच्या पाया पडायला गेली. त्याचे ओठ फुटून सुजले होते. त्याने एवढेच विचारले, म्हणे, “समदी वर आली का?”

तेव्हापासून शिंगकड्याची खात्री करायला कोणी जात नाही. तिसऱ्या टोकाच्या पुढे वाटच नाही. शिंगकड्यावरून दरी फार सुंदर दिसते म्हणतात. दिसत असेल. मी तुम्हाला नेणार नाही, जास्तीचे पैसे काढू नका.

कलिंगडे अजून लावतात, थोडी. अक्षय्य तृतीयेला सकाळी आमच्या घरातला माणूस इथे उभा राहून शिंग फुंकतो. पाणी येणार नसते, हे सगळ्यांना माहीत असते. तरी वाळूतला प्रत्येक माणूस हातातले काम टाकून वर चढतो. का, असे कोणी विचारत नाही. पिकलेली कलिंगडे तशीच सोडतात, त्या दिवशी ती कोल्ह्यांची. सगळे वर आले की गाव कड्याच्या काठावर उभे राहते आणि आमच्या घरातल्या माणसाने शिंग खाली ठेवून मोकळ्या वाळूकडे बघून ओरडायचे असते. गेली एकतीस वर्षे ते काम माझ्याकडे आहे. शब्द ठरलेले आहेत, एकही बदलायचा नाही.

“ठमे, माझं ऐकू नगंस. वर ये!”