लोणपाटीवरची नवरी

बसा पाहुणे, बसा. असे उभे राहून घड्याळ बघत बसलात तर पाय दुखतील, दुसरं काही होणार नाही. चहा येतोय. नवरी येईल. अंगाला हळद लावून मैदानात धावतीये ती आमची स्नेहलच. तुमच्याच घरी यायचीये, कुठं पळून चालली नाही. पण डाव सुरू आहे, आणि धोंडवळ गावात डाव सुरू असताना नवरीला हाक मारायची नसते. तुमच्याकडं मुहूर्त मोठा असेल. इथं डाव पुरा होणं मोठं. विहीणबाई, तुम्ही मघापासून गुरुजींच्या मागं लागलात, पण गुरुजीही याच गावचे. ते काही उठायचे नाहीत.

का म्हणून विचारता, तर ऐका. ऐकेस्तोवर डावही संपेल.

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते कुणालाच धड माहीत नाही. भैरोबाचं देऊळ तेव्हा नुसत्या दगडांचं होतं, वर छप्पर नव्हतं, असं सांगतात. देवळापुढचं हे पटांगण मात्र असंच होतं. पांढरी माती, ना झाड ना झुडूप. दिवस कलला की गावची सगळी पोरंसोरं इथं. कुणाचा विटीदांडू, कुणाच्या गोट्या, कोपऱ्यात पोरींचे सागरगोटे. घरात खायला असो नसो, इथं आल्यावर कुणाला भूक आठवायची नाही. आणि मधोमध आट्यापाट्या. जमिनीवर राखेनं आडव्या पाट्या ओढायच्या, दर पाटीवर एकेकीनं उभं राहायचं, पाटीवरचा पाय सोडायचा नाही. समोरच्यांनी हुलकावण्या देत एकेक पाटी ओलांडायची. पाटीवालीचा हात लागला की मेलास, तिथंच उभा राहा. अगदी शेवटची ती लोणपाटी. ती ओलांडून माघारी आला त्यानं डाव जिंकला. समोरचे सगळे बाद झाले तर डाव पाटीवाल्यांचा, मग लोणपाटीवालीनं "लोण!" म्हणून आरोळी ठोकायची. लोणपाटीवर उभं राहायला छाती लागते, कारण तिथंवर पोचतो तो साधा भिडू नसतो.

गावात म्हादबा नावाचा कुंभार होता. पाट्या ओढायला राख लागायची ती त्याच्याच आव्याची, भाजलेल्या मडक्यांखालची. म्हणून त्याच्या पोरींचा मान पहिला. थोरली सारजी, धाकटी ठकी. स्वतः म्हादबा तरुणपणी असा खेळायचा म्हणे, की त्याला हात लावणारा भिडू पंचक्रोशीत नव्हता. थोरलीनं बापाचे पाय घेतले होते. लोणपाटी सारजीची, हे ठरलेलंच.

आता तेव्हाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पोर जरा उंच दिसायला लागली की हात पिवळे. सारजीचं ठरलं तेव्हा तिला कुणी काही विचारलं नाही, सांगितलंसुद्धा नाही नीट. भर डावात ती लोणपाटीवर हात पसरून उभी होती, आणि म्हादबा मागून आला. पोरीला उचललं, खांद्यावर टाकलं आणि चालायला लागला. सारजी लाथा झाडत ओरडत होती, "बा, डाव राहिला! अरं बा, डाव राहिला माझा!" लोक हसले. लग्नाच्या घाईत पोरीच्या खेळाचं काय घेऊन बसायचं? एकटी ठकी हसली नाही. तोंडात बोटं घालून ती त्या रिकाम्या पाटीकडं बघत राहिली.

सारजी त्यानंतर पटांगणावर कधी आली नाही. पंचमीला माहेरी येऊ दिली नाही, दिवाळीला नाही. पुढं तिच्या सासरच्या गावात तापाची साथ आली आणि त्यात ती गेली. निरोप घेऊन आली ती कासारीण, गावोगाव बांगड्या भरणारी. ती चुलीशी बसून सांगत होती आणि ठकी दाराआड ऐकत होती. ताप डोक्यात चढला तशी सारजी म्हणे खाटेवर उठून बसायची आणि दोन्ही हात पसरायची. सासू म्हणायची, पोरीला भूत लागलंय. कासारणीलाही कळेना, ही कुणाला अडवतीये. ठकीला मात्र ऐकताक्षणी कळलं. ती उठली, तडक देवळात गेली आणि भैरोबाच्या दगडाला कपाळ टेकून बोलली, "देवा, मी न्हाई जायची डाव अर्धा टाकून. माझा पुरा करीन आन सारजीचाबी पुरा करीन. कुणी बी येऊ दे."

एवढंच मागणं. सोनं नाही, राजाचा पोरगा नाही. पण बघा, एवढंसुद्धा पोरीला कुणी सुखासुखी देत नाही.

पुढं ठकीचंही ठरलं. उंबरीचं स्थळ, बरं घर. सासऱ्याचं नाव हणगोजी, माणूस कडक, चारचौघांत आवाज चढवून बोलणारा. लग्न गोरज मुहूर्तावर. सकाळी हळद लागली, बायका जेवायला बसल्या आणि ठकी मांडवातून नाहीशी झाली. आईनं तिला पदरात राख बांधून जाताना पाहिलं होतं, असं सांगतात. पाहिलं आणि तोंड फिरवून भाकरी वाढायला लागली. त्या माउलीनं आयुष्यात एवढंच बंड केलं असेल, पण केलं.

ठकीनं पाट्या ओढल्या. बरोबरीच्या पोरी जमल्या, निम्म्या पाट्यांवर, निम्म्या समोर. लोणपाटीवर हळदीनं माखलेली ठकी उभी राहिली. डाव रंगात आला आणि नेमकं वऱ्हाड दुपारीच येऊन थडकलं. वाजंत्री, बैलगाड्या, फेटे. आणि नवरी कुठं, तर उन्हात घाम गाळत, केस सुटलेले, "ये की, ये की" म्हणून समोरच्या पोरीला ललकारतीये!

हणगोजी लालबुंद झाला. "ही काय थट्टा लावलीय? उचला रे त्या पोरीला!"

नवऱ्याचा मामा निघाला. ठकी पाटीवरूनच ओरडली, "मामा, बाहेरून हात लावायचा न्हाई. आत यायचं आसंल तर खेळत या!" मामा हसला. पोरीबाळींचा खेळ, त्यात काय? धोतर सावरत त्यानं पहिल्या पाटीत पाय टाकला. पाटीवरची पोर एवढीशी. तिनं टपकन त्याच्या पाठीत थाप मारली आणि किंचाळली, "मेलास!"

आणि मामा थांबला!

अहो, हसू नका. खरोखर थांबला. कुणी धरलं नव्हतं, बांधलं नव्हतं. चार पावलं टाकली असती तर पोरगी हातात होती. पण तोही कुठल्या तरी गावच्या मातीत खेळूनच वाढलेला. लहानपणी हजार वेळा जे कानावर पडलं ते पायांनी ऐकलं, डोक्यापर्यंत पोचायच्या आधी. उभा राहिला आणि मग स्वतःच चक्रावून पायांकडं बघायला लागला. त्याला सोडवायला दुसरा गेला, तोही तसाच अडकला. तिसऱ्यानं मनाशी ठरवलं की आपण काही फसायचं नाही. तो आत शिरला आणि शिरल्या शिरल्या हुलकावणी द्यायला लागला! चांगला दाढीमिशांचा बाप्या. फेटा सुटून गळ्यात आला तरी भान नाही. बाहेर उभे असलेले वऱ्हाडी ओरडायला लागले, "अरं डावीकडनं, डावीकडनं!" कुणाला बायको आठवेना, कुणाला मुहूर्त आठवेना. जे वय मागं टाकून आलो असं त्यांना वाटत होतं, ते इथं पटांगणात त्यांची वाट बघत उभं होतं.

हणगोजी तेवढा बाहेर राहिला. त्यानं म्हादबाला गाठलं आणि सगळ्यांदेखत सुनावलं, "तुझी पोरगी आत्ताच्या आत्ता मांडवात आली न्हाई, तर वऱ्हाड माघारी नेतो. मग ठेव तिला जन्मभर घरात, बस म्हणावं खेळत."

मांडवातून वऱ्हाड माघारी जाणं म्हणजे काय, हे तेव्हाच्या बापाला विचारा. म्हादबाचा चेहरा पांढराफटक पडला. तो मान खाली घालून पटांगणाकडं निघाला.

ठकीनं त्याला येताना पाहिलं. तीच चाल, खांदे पुढं काढलेले. सारजीला न्यायला आला तेव्हा असाच आला होता. मामा परका होता, त्याला अडवणं सोपं होतं. हा बा होता. ह्याच्या मांडीवर बसून ती चाक फिरवायला शिकली होती. आजवर त्याला उलट बोलली नव्हती. तिला रडू फुटलं, पण पाटीवरचा पाय तिनं हलवला नाही.

म्हादबानं पहिली पाटी ओलांडली, दुसरी ओलांडली. कुणाचाच हात त्याला लागेना. काही पोरींना धाक वाटला, काहींना तो दिसलाच नाही म्हणे, इतका तो सफाईनं निघून गेला. म्हातारपणाकडं झुकलेला माणूस, पण अंगातला खेळ गेला नव्हता. बघता बघता लोणपाटीसमोर येऊन ठाकला. लेक हात पसरून उभी, बाप समोर. वाजंत्री कधीच थांबली होती.

"चल पोरी," तो म्हणाला. "लाज जातीया माझी."

"जाऊ दे," ठकी म्हणाली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता. "सारजीचा डाव गेला तवा कुणाची लाज गेली न्हाई. तुला पुढं जायाचं आसंल तर पाटी ओलांडून जा, बा."

म्हादबा पुढं सरकला. उजवीकडं झुकला, डावीकडून निघाला. उभ्या मुलखात त्याची ही हुलकावणी कुणाला कळली नव्हती. ठकीला कळली. तिनं अंग झोकून दिलं आणि हळदीचा हात बापाच्या छातीवर बसला.

"बा, मेलास."

आता बघा, त्याला काय अडवत होतं? काहीच नाही. तो बाप होता, अंगात ताकद होती, रीत त्याच्या बाजूनं होती, बाहेर हणगोजी दात खात उभा होता. दोन हातांनी उचलून खांद्यावर टाकली असती की संपलं. एकदा टाकलीच होती थोरलीला. पण म्हादबा जागच्या जागी थांबला. छातीवरचा पिवळा पंजा बघितला आणि ढसाढसा रडायला लागला. "मेलो गं पोरी," तो म्हणाला. "सारजी बी हितंच उभी हुती. म्या तिला पुरं खेळू दिलं न्हाई."

मग त्यानं डोळे पुसले आणि तिथूनच हणगोजीला ओरडून सांगितलं, "पावणं! पोरगी येईल. डाव झाला की येईल. थांबायचं आसंल तर सावलीला बसा. जायचं आसंल तर वाट मोकळी हाय. पर माझ्या पोरीला आता कुणी पाटीवरून उचलायचं न्हाई. म्या बी न्हाई!"

उंबरीकडचे लोक सांगतात, वऱ्हाड मान राखून थांबलं. आमच्याकडं सांगतात, हणगोजी गाडीत चढला होता, पण गाडी हाकायला माणूसच नव्हता. सगळे पटांगणात मरून उभे होते. तुम्हाला जे पटेल ते घ्या. गोरज टळली, हे मात्र दोन्हीकडं एकच सांगतात. पाट्या दिसेनाशा व्हायच्या आधी समोरची शेवटची पोर लोणपाटीवर बाद झाली आणि ठकीनं "लोण!" अशी आरोळी ठोकली. एकदा स्वतःची. मग दुसरी. ती कुणाची ते म्हादबाला सांगायला लागलं नाही. मग ठकी पाटीवरून उतरली. कुणी उचललं नाही, कुणी ओढलं नाही, आपल्या पायांनी उतरली. पाय धुतले आणि मांडवाकडं चालत गेली. बाप तिच्या मागून चालत होता.

आजही धोंडवळात लेकीचं लग्न म्हटलं की हळद लागल्यावर नवरी आधी पटांगणात उतरते. पाट्या ओढते तिची आई. डाव पुरा होईस्तोवर मांडवात कुणी मंगलाष्टकं म्हणत नाही, आणि न्यायला आत शिरलेल्या पाहुण्याला हात लागला तर त्यानं तिथंच उभं राहायचं, मग तो कुणी का असेना. मागं एका नवऱ्याचे काका फौजदार होते, वर्दीत आले होते. उन्हात उभे राहिले गुमान. कुणी शिकलेले येतात आणि विचारतात, हे असलं कशाला अजून चालवता? आता काय पोरींना कुणी उचलून नेतं का? आम्ही म्हणतो, नेत नसतील तर उत्तम आहे. मग डाव पुरा व्हायला तुमची हरकत कशाला? पोरगी तुमच्या घरी येणार ती हसत, दमून, घामेजून, आपल्या पायांनी येणार. तशी नको असेल तर सांगा. वाट मोकळी आहे.

घ्या, चहा आला. अहो, विहीणबाईंना द्या आधी. विहीणबाई? कुठं निघालात? तो शालू खराब होईल, माती आहे तिकडं. काय म्हणता? तुमचाही राहिलाय? अगं बाई... अगं पोरींनो, सरका जरा, पाटी द्या त्यांना! जा विहीणबाई, खुशाल जा. मुहूर्ताचं आम्ही बघतो.