दातात धरलेला पाग

एकदा काय झालं, खाडीकाठी एक कोळीण राहायची. तिचं नाव हौसा. भारी बोलकी! कुणी नुसतं खाकरलं तरी तिचं उत्तर तयार. ए चिंगे, तुझ्यासारखीच. पाय घे बघू आत.

तर हौसाचा धाकटा भाऊ धाकू होडी घेऊन गेला, आणि गिळक्या नावाच्या डोंगराएवढ्या माशानं त्याला होडीसकट गिळलं. गिळक्यानं एकदा तोंड मिटलं की मिटलं. उघडायचा तो फक्त जिवंत बोयटांसाठी. बोयटं म्हणजे चिमुकले मासे, बरं का. आणि ओहोटी लागली की तो जाणार खोल समुद्रात. मग कुठला धाकू आणि कुठलं काय!

हौसानं डोळे पुसले, पदर खोचला. बापाचा पाग घेतला नि होडी लोटली. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं. त्याची दोरी मनगटाला बांधायची, काठ धरायचा दातात, आणि फेकताना नेमका सोडायचा. आधी सुटला तर सगळा गोळा होऊन पडतो.

हौसा उभी राहिली. तोच गिळक्यानं धाडलेला बगळा म्हणाला, "हौसाबाई, आज कालवण कसलं?"

"कोलंबीचं!" म्हणाली वेडी. दातातला काठ सुटला, पाग धपकन पडला.

तिनं तो ओढला, पुन्हा आवरून धरला. मग होडीच्या काठावर कुर्ली, म्हणजे खेकडी, चढली. तीही गिळक्यानंच धाडलेली. म्हणाली, "बायकांना कुठं पाग टाकता येतो?"

"कोण म्हणतं?" हौसा कडाडली. पुन्हा धपकन!

पाणी उतरायला लागलं. हौसाला स्वतःचाच राग आला. "आता जीव गेला तरी तोंड उघडणार नाही," म्हणाली, आणि काठ दातात आवळला.

मग पाण्याखालून हाक आली. खरीखुरी धाकूची. "आक्का गो, इथं फार काळोख आहे. एकदा तरी ओ दे गो!"

हौसानं काठ आणखी घट्ट आवळला. डोळ्यांतून धारा लागल्या. पण ओ दिली नाही. पाय रोवले, कंबर वळवली आणि पाग भिरकावला. तो पसरला पुऱ्या चंद्रासारखा, आणि वर आला तो बोयटांनी भरून!

मग तिनं ओंजळ भरून बोयटं उधळली. गिळक्यानं आ वासला. आत उजेड पडला, धाकूनं वल्ही मारली आणि सटकन बाहेर!

बाहेर येतो तो रुसलेला. "एवढ्या हाका मारल्या, आक्का. ओ का नाही दिलीस?"

हौसानं त्याला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "ओ! ओ! ओ!" मग घरापर्यंत तिचं तोंड काही थांबलं नाही. दोघं सुखानं राहिली, बोयटंही पोटभर खाल्ली.

चला, आता गोधडीचा काठ धरा दातात. कुणीही हाक मारू दे, ओ द्यायची नाही. चिंगे? ...शहाणी गं माझी.