झारेकऱ्याचे पहिले पाणी

एका राज्यात, राजा वीरभान गादीवर बसल्याला बाविसावे वर्ष चालू असताना, शिशिर ऋतूत, माघ वद्य षष्ठीच्या सकाळी, काजळनाथ मांत्रिकाने राजकन्येची वाटणी केली.

त्याला दरबारात दोन प्रहर उभे ठेवले होते. कारण एवढेच. त्याने राजकन्या शालवतीची चाल काढली आणि लोखंडाच्या किसात घातली. वाचा काढली, कापरात घातली. तिसरी गोष्ट काढली. ती कशात घातली हे सांगितले नाही. मग सारे वाळूत कालवून दळले आणि वाड्याच्या अंगणात ओतले. गुडघाभर उंचीचा करडा ढीग झाला. राजकन्या ओसरीवर बसली होती ती तशीच बसून राहिली. डोळे उघडे, पण बघणे नाही.

"राजा," काजळनाथ म्हणाला, "अमावास्येचा सूर्य मावळायच्या आत हे निवडून दे. नाहीतर मुलगी पुतळी होऊन राहील."

"आणि निवडलं तर?"

"तर मी उरणार नाही," मांत्रिक म्हणाला, आणि अंगणातल्या निंबाखाली पाय पसरून बसला.

चाळणीवाले आले. कण सारखे होते, सगळेच खाली पडले. सूप घेऊन बायका आल्या. त्यांनी पाखडायला घेतले तर सगळेच उडू लागले. राजाने ओरडून थांबवले.

तेवढ्यात सटवाजी झारेकरी न बोलावता आत आला. सोनारांच्या दुकानांतली केरधूळ विकत घ्यावी, लाकडी पाटीत पाण्याने धुवावी आणि तळाशी राहिलेला सोन्याचा कण काढावा, हा त्याचा धंदा. साठ वर्षे त्याने दुसरे काही केले नव्हते. अक्षर येत नव्हते. मान ताठ होती.

"तुला कुणी बोलावलं?" राजाने विचारले.

"कुणी नाही, महाराज. माझी गुणा पाच दिवसांची असताना तिची आई गेली. वाड्यामागच्या नाल्यावर मी धूळ धूत होतो, पोर भुकेनं रडत होती. राणीसाहेबांनी ऐकलं. शालवतीबाईंच्या जोडीनं तिला वर्षभर अंगावर पाजलं. राणीसाहेब आज नाहीत. देणं माझ्याकडं आहे."

राजाने बाजूला होऊन वाट दिली.

ओसरीवर पिंजऱ्यात साळुंकी होती. ती म्हणाली, "म्हातारबा, ढीग कालवला तेव्हा मी इथंच होते. सांगू काय काय घातलं ते?"

"पाखरांना विचारून मी धंदा शिकलो नाही."

"मग राहिलं," साळुंकी म्हणाली आणि तिने चोच पंखात घातली.

सटवाजीने कमरेचा लोहचुंबक काढला. त्याला फडके गुंडाळले, म्हणजे चिकटलेले लोखंड फडके सोडताच गळून पडते. ढिगाचा एकेक पसा पाटीवर पसरून त्याने वरून चुंबक फिरवला. काळे कण उड्या मारून वर आले. तीन दिवस हेच चालले. नवमीला शेवटच्या पशातून एकही कण उठला नाही. जमलेला कीस त्याने राजकन्येच्या पावलांवर ओतला. तो कातडीत जिरला. ती उठली आणि अंगणभर चालली. राजा मागे मागे चालला.

मग राहिलेला ढीग थोडा थोडा कढईत घेतला. कढईवर पितळी परात पालथी घातली, परातीच्या पाठीवर ओले गार फडके. खाली गोवऱ्यांची मंद धग. जाळ केला असता तर कापूर पेटला असता आणि राजकन्येची वाचा धुरात गेली असती. म्हणून सटवाजी तीन दिवस चुलीपासून हलला नाही. गोवरी जास्त पेटली की ओढायचा, विझू लागली की सारायचा. कापूर वाफ होऊन वर जाई आणि परातीला आतून पांढरा धरे. द्वादशीला त्याने तो सगळा खरवडून राजकन्येच्या नाकाशी धरला. तिने श्वास घेतला.

"बोल, बाळ," राजा म्हणाला.

राजकन्या बोलली. आवाज तोच होता. "आपण कोण?" तिने विचारले.

राजाने नाव सांगितले. तिने मान हलवली. घटकाभराने पुन्हा विचारले, "आपण कोण?"

निंबाखालून मांत्रिक हसला. तिची ओळख अजून ढिगात होती.

सटवाजीने राहिलेली वाळू उन्हात धरली. तीत पिवळे चमकत होते. त्याला हायसे वाटले. सोने त्याच्या हातचे. राजाच्या मुलीची ओळख आणखी कशात असणार? त्रयोदशीला त्याने पाटी मांडली, वाळूवर पाणी घातले, ढवळले आणि ते पाणी अंगणाच्या कडेच्या कोरड्या खड्ड्यात ओतून दिले. झारेकऱ्याचे पहिले पाणी नेहमी फेकायचे. त्यात माती असते, राख असते, घेण्यासारखे काही नसते. बापाने शिकवले होते, त्याच्या बापाने त्याला. मग दुसरे पाणी, तिसरे, चौथे. पाटी हलवत हलवत वाळू उतरवली. संध्याकाळी तळाशी हरभऱ्याएवढे सोने राहिले.

ते त्याने राजकन्येच्या कपाळाला लावले. लावले ते तसेच राहिले.

"हे काय आहे?" राजकन्येने विचारले. "आपण कोण?"

सटवाजी पिंजऱ्यापाशी गेला. ताठ मान खाली घातली. मग म्हणाला, "बाई, सांग."

"आता बाई झाले का?" साळुंकी म्हणाली. "सोनं त्यानं तुझ्यासारख्याला चकवायला टाकलं होतं. ओळख मिठात आहे. ते तू सकाळीच ओतून टाकलंस."

सटवाजीने वाळूकडे पाहिले. धुतलेली वाळू कोरी होती. तिला कधीच जीभ लावून बघितली नव्हती. साठ वर्षांत किती पहिली पाणी फेकली आणि त्यांत कुणाचे काय गेले, हे त्याने कधी मनात आणले नव्हते. ते आता मनात आले. त्याने पागोटे काढून खाली ठेवले.

"म्हाताऱ्या," मांत्रिक हळूच म्हणाला, "मुदपाकखान्यात मिठाचे रांजण आहेत. मूठभर आण. मीठ ते मीठ. कुणाला कळणार?"

"मला," सटवाजी म्हणाला, आणि राजासमोर गेला. "महाराज, जे हवं होतं ते मी फेकलं. चूक माझी."

राजाचा हात तलवारीवर गेला.

"मान घ्यायची तर अमावास्येनंतर घ्या. आत्ता मला कुदळ द्या."

राजाने कुदळ मागवली. मग अंगरखा काढला आणि दुसरी कुदळ स्वतः घेतली.

चतुर्दशीला दोघांनी तो खड्डा हातभर खोल खणला. ओली माती तेवढी रांजणांत भरली. वरून स्वच्छ पाणी घालून ढवळली आणि बसू दिली. गाळ तळाशी गेला. वरचे पाणी चौपदरी धोतरातून गाळले. हे पहिले पाणी होते. त्याचा एक थेंब सटवाजीने भुईवर पडू दिला नाही. गाळ पुन्हा धुतला, पुन्हा गाळला, जिभेला खारट लागेनासे होईपर्यंत.

अमावास्येला पहाटे पाणी कढईत चढवले. दुपारपर्यंत ते तळाला गेले. तेव्हा सटवाजीने कढई उतरवली.

"का उतरवलीस?" राजा म्हणाला. "दिवस कलतोय!"

"आता आच दिली तर मीठ तडतडून उडेल. पुढचं उन्हाचं काम."

राहिलेले पाणी त्याने परातीत पसरले. दोघे परातीच्या दोन बाजूंना बसले. शिशिराचे ऊन कोरडे असते पण तोकडे. सावली सरकली की परात सरकवायची. निंबाची सावली आली, सरकवली. भिंतीची आली, सरकवली. शेवटी ऊन फक्त वाड्याच्या गच्चीवर उरले, तेव्हा दोघांनी परात धरून, पाणी डचमळू न देता, चौऱ्याऐंशी पायऱ्या चढवली. राजकन्या मागून आली. तिला का ते माहीत नव्हते.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा परातीत पांढरी साय धरली. मग साय वाळली. सटवाजीने परात मोरपिसाने झाडून सारे मीठ तळहातावर घेतले. चिमूटभर होते. त्याने हात पुढे केला. राजकन्येने ते जिभेवर ठेवले.

तिने राजाकडे पाहिले. "आबासाहेब," ती म्हणाली, "अंगरखा कुठं आपला? वारा लागेल ना."

राजाने तिला जवळ घेतले.

खाली निंबाखाली काजळनाथाची काजळी झाली. वाऱ्याने ती वाळूत मिसळली. ती कुणी निवडली नाही.

राजकन्या सटवाजीकडे वळली. "तुम्ही गुणाचे वडील. गुणा बरी आहे?"

"बरी आहे. दोन लेकरं आहेत तिला."

राजाने हरभऱ्याएवढे सोने पुढे केले, त्यावर आपल्या गळ्यातला हार ठेवला. सटवाजीने दोन्हींना हात लावला नाही. रिकामी परात त्याने भिंतीला उभी केली.

"राणीसाहेबांचं दूध फिटलं," तो म्हणाला आणि जिना उतरला.