बस्त्याव लहान लहान होत गेला

या इकडे. पाय पुसलेत ना? रेमी, उशी एकट्याने ओढू नकोस, सिसिललाही दे जरा. आजची गोष्ट थोडी भीतीची आहे. मध्येच रडायचं नाही हं, मला मग पुढचं आठवत नाही.

खाडीच्या काठाला एक घर होतं, बरं का. घरात आई, बाप, फिलोमिना नावाची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ बस्त्याव. बस्त्याव एवढासा, नुकता बोलायला लागलेला. आणि आईची बदकं. आईचा त्या बदकांवर फार जीव. तिन्हीसांजेला बदकं खुराड्यात कोंडायची आणि कडी लावायची, हे काम फिलोमिनाचं.

एकदा काय झालं, फिलोमिना शेजारच्या झोपाळ्यावर बसली आणि कडी लावायचीच विसरली. सकाळी बघतात तर अंगणभर नुसती पिसं. कोल्ह्याने एकही बदक ठेवलं नव्हतं. आई मटकन खाली बसली. बापाने विचारलं, कडी कोणी काढली? फिलोमिनाने सरळ बस्त्यावकडे बोट दाखवलं. तो नेहमी त्या कडीशी खेळायचा ना, मग ते सगळ्यांना पटलं. बापाने त्याला फैलावर घेतलं. आईने त्या दिवशी त्याला मांडीवर घेतलं नाही.

मग दुसऱ्या दिवशी बस्त्यावचा सदरा त्याला ढगळ झाला. आई म्हणाली, कापड सैल पडलं असेल. कसलं सैल आणि कसलं काय! सदरा होता तेवढाच होता. बस्त्यावच लहान झाला होता.

फिलोमिनाला मात्र लगेच कळलं, हे आपल्या खोट्यामुळे होतंय. पण खरं सांगायचं म्हणजे मार, आणि माराहून वाईट म्हणजे आईचा तो चेहरा. मग तिने काय केलं, घरातल्या वेदीपुढे गुडघे टेकले आणि जपाच्या माळेवर माळ म्हटली. सगळ्यांसाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी, होड्यांवर गेलेल्यांसाठी. बदकांचं नावसुद्धा काढलं नाही. उठून बघते तर बस्त्याव आईच्या भाजीच्या टोपलीत बसलेला, आणि टोपलीत जागा उरलेली.

मग ती फादरांच्या देवळात गेली आणि आपला खाऊ विकून भली मोठी मेणबत्ती लावली. म्हणाली, देवा, ही घे आणि माझ्या भावाला मोठा कर. जसं काही देव मेणबत्तीवाचून अडून बसला होता. घरी येते तर बस्त्याव पेल्याच्या आड उभा, दिसत पण नव्हता. आईबाप वैद्यामागून वैद्य आणत होते. आईने जेवण टाकलं होतं.

मग आला शनिवार, मुलांच्या कुमसाराचा. म्हणजे फादरांच्या कानाशी आपली पापं सांगायची आणि देवाकडे क्षमा मागायची. फिलोमिना रांगेत उभी राहिली. पुढची मुलगी पुटपुटत पाठ करत होती, गूळ चोरला, माळेला झोपले, आईला उलटून बोलले. आपल्या बाईसाहेबांनी तेच उचललं. जन्मात गुळाला हात लावला नव्हता, पण गूळ चोरला म्हणून सांगून मोकळी.

फादरांनी हळूच विचारलं, “आणखी काही आहे, बाळ?”

“नाही, फादर.”

असं म्हणाली ती. आणि धावत घरी आली. बस्त्याव आता आईच्या तळहातावर मावत होता. अजून एक दिवस गेला असता तर दिसेनासाच झाला असता पोर. रडू नकोस सिसिल, मी काय सांगितलं होतं?

त्या संध्याकाळी सगळे माळेला बसले. आईने हात वेदीसमोर धरला, हातावर बस्त्याव. त्यांच्याकडे रीत होती, माळ संपली की ज्याने त्याने दिवसभरातल्या चुकीची माफी मागायची. बाप बोलला, आई बोलली. मग तळहातावरून बारीकसा आवाज आला.

“देवा, मी कडी काढली. बदकं मेली. मला माफ कर.”

ऐकलंत? सगळे म्हणाले म्हणून त्यालाही तेच खरं वाटायला लागलं होतं. फिलोमिनाला भडभडून आलं. मार, ओरडा, सगळं विसरली ती.

“त्याने नाही काढली. मीच लावली नव्हती. मी खोटं बोलले.”

मग बस्त्याव वाढायला लागला. तळहातावरून उतरला, जमिनीवर उभा राहिला, वाढत वाढत आईच्या गुडघ्याला लागला. आणि थांबला. फिलोमिना घाबरून बघत राहिली. आता काय राहिलं? तिने तर सगळं सांगितलं होतं. बाप मुलीवर हात उगारणार, तेवढ्यात आईने त्याला धरलं. ती बस्त्यावसमोर गुडघ्यांवर बसली. जशी देवापुढे बसायची ना, तशीच.

म्हणाली, “बाळा, मी तुला एकदा विचारलंसुद्धा नाही. माझं चुकलं.”

बापाचा हात खाली आला. तोही शेजारी बसला आणि म्हणाला, माझंही चुकलं. मग बस्त्याव होता तेवढा झाला, सदरा अंगाला नीट बसला. तो आईकडे बघत राहिला, मग बापाकडे, मग ताईकडे.

“म्हणजे मी नव्हती मारली बदकं?”

आई त्याला पोटाशी धरून इतकी रडली, इतकी रडली. फिलोमिनाला ओरडा बसला, बसायलाच हवा होता. पण त्या दिवशी आईने दोघांना मांडीवर घेतलं. पुढच्या शनिवारी फिलोमिना फादरांकडे गेली आणि ती एकच गोष्ट सांगून आली. मग नवी बदकं आली आणि ती माणसं सुखाने नांदली.

झालं. क्रूसाची खूण करा. कोणाच्या पोटात काही असेल तर माझ्या कानात सांगा, मी ओरडणार नाही. नाहीये काही? मग मिटा डोळे.