अर्जाला लागलेला धूर

एकदा एका डोंगरावरच्या सौरवेधशाळेत एक वृद्ध खगोलज्ञ आणि त्यांची शिष्या काम करीत असत. सूर्याकडून वाहणारा वारा दोन प्रकारचा, एक वेगवान आणि एक संथ. वेगवान वारा सूर्यावरच्या काळसर विवरांतून सरळ बाहेर पडतो, हे ठाऊक होते. संथ वारा नेमका कुठून निघतो, ते शिष्येला शोधायचे होते. चार वर्षे तिने त्याच विवरांचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. हाती काही लागले नाही. आता ती इतकी थकली होती, की साधे दार वाजले तरी दचके.

अखेर एके सकाळी तिने संशोधन सोडण्याचा अर्ज गुरूंपुढे ठेवला.

गुरूंनी तो वाचला नाही. नाकाशी धरला आणि डोळे मिटून हुंगला.

"सर, अहो... अर्ज आहे तो!"

"दिसतंय. स्वयंपाकघरात लिहिलास ना? चुलीपाशी?"

ती दचकली. स्वयंपाक यसूबाई करीत. "यसूबाईंनी चुगली केली?"

"त्या कशाला करतील? कागदच बोलतोय. आणि हा एका दिवसाचा धूर नाही."

तिचा चेहरा उतरला. "आठ दिवस पिठाच्या डब्याखाली होता. रोज काढायचे, परत ठेवायचे. यसूबाई म्हणाल्यासुद्धा, द्या इकडे, चूल तरी पेटेल."

गुरू हसले, पण तेही दमल्यासारखेच. म्हणाले, "तडकाफडकी लिहून आणला असतास, तर याला नुसता शाईचा वास आला असता. जो अडकून राहतो, त्याला तिथला वास लागतो. तुझ्या संथ वाऱ्यात काय जास्त सापडतं?"

"लोखंड. मॅग्नेशियम."

"आणि सूर्यावर ते जास्त कुठे असतं?"

"सूर्यडागांवरच्या बंद चुंबकीय कमानींत..." ती थबकली.

"तिथे कोंडलेला असावा तो. एखादी कमान तुटून शेजारच्या, बाहेर जाणाऱ्या मोकळ्या चुंबकीय रेषेला जुळते, तेव्हा सुटत असेल. आपण मात्र चार वर्षं उघड्या दारांशीच उभे राहिलो, बाई."

"मग आधी का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चिरकला.

"आधी मला तरी कुठे सुचलं? खात्री आजही नाही. शोधावं लागेल. सही हवी असेल तर करतो."

मग तिने अर्ज उचलला आणि स्वतःही एकदा हुंगला.

थकवा गेला नव्हता. पण त्या दुपारी ती डागांच्या कडांची जुनी छायाचित्रे काढून बसली, आणि चहाच्या वेळी यसूबाईंची चूल एका काडीत पेटली.